कानकोंडं मेंढरू

‘कानकोंडं’ हा शब्द मी छापलेल्या पुस्तकात पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला थोडा रागच आला होता. हा आमच्या घरचा शब्द. मेंढरांच्या लेंड्यांच्या वासात वाढलेला. तो असा पांढऱ्या कागदावर, शिकलेल्या लोकांत काय करतोय, असं वाटलं. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते मी तेव्हा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मुद्दाम सांगते, कारण मला त्याचा अभिमान आहे, आणि तो लपवून ठेवायचं काही कारण मला दिसत नाही.

आमची वस्ती पाचोडच्या पलीकडं, डांबरी रस्ता सोडून आत. आजोबा मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने फिरायचे. माझ्या वडिलांनी, त्यांना आम्ही आबा म्हणतो, फिरणं कमी केलं. थोडी कोरडवाहू जमीन आणि साठेक मेंढरं एवढ्यावर घर चालवलं. मेंढरं एका जागी बसावीत म्हणून खुंट्या ठोकून भोवती दोऱ्याची जाळी लावतात. तिला आम्ही वाघर म्हणतो. माझा अर्धा अभ्यास त्या वाघरीला पाठ टेकून झाला.

सात-आठ वर्षांची असताना शाळेतले गुरुजी एकदा वस्तीवर आले. मी आठवडाभर शाळेत गेले नव्हते. त्यांना पाहून मी जी कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसले, ती हाका मारल्या तरी बाहेर येईना. आई म्हणाली, “राहू द्या गुरुजी, पोरगी कानकोंडी झालीय.” गुरुजी गेल्यावर मी आबांना विचारलं, कानकोंडी म्हणजे काय?

आबा शब्दानं सांगत बसणारे नव्हते. त्यांनी हाताला धरून मला वाघरीजवळ नेलं. त्या दिवशी दुसऱ्या कुणाचं तरी एक मेंढरू चुकून आमच्यात आलं होतं. आमची सगळी मेंढरं मधोमध एकमेकांच्या अंगावर रेलून उभी होती आणि ते एकटं कोपऱ्यात. मान खाली. दोन्ही कान डोक्याला चिकटवून पार आत घेतलेले. पुढं हिरवा पाला टाकलेला, त्याला तोंड लावलेलं नाही. ओरडतही नव्हतं.

“मारलंय का कुणी त्याला?” मी विचारलं.

“न्हाई.”

“मग?”

“मग काय. दुसऱ्याच्या वाघरीत सापडलंय. त्याला वाटतंय समदे आपल्यालाच बघायलेत. म्हून त्यानं कान आत कोंडून घेतलेत. हे झालं कानकोंडं.”

माझ्यापुरता तो शब्द तिथंच जन्मला. आजही तो लिहिताना मला आधी ते मेंढरू दिसतं, मग अक्षरं.

तर कॉलेजात आमच्या सरांनी एकदा सांगितलं, उद्या येताना मनाची अवस्था दाखवणारा एकेक शब्द आणा आणि तो कुठून आला ते सांगा. कुणी संकोच आणला, कुणी हुरहूर. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहून ‘कानकोंडं’ म्हणाले आणि आबांनी दाखवलेलं सगळं सांगितलं. कोपरा, पाला, कान. मी अगदी मन लावून सांगत होते. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच ‘बेंऽऽ’ केलं. मग सगळा वर्ग फुटला.

सर वाईट नव्हते. त्यांनी वर्ग गप्प केला, कपाटातला शब्दकोश काढला, पान उलटून वाचलं. “कान आणि कोंडणं, हे तुझं बरोबर आहे. मेंढीचं मात्र इथं काही दिलेलं नाही.” एवढंच म्हणाले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, तरी पुन्हा हसले सगळे. मी खाली बसले. कान इतके तापले होते की हात लावायची भीती वाटली.

त्यानंतर आठ दिवस मी वर्गात गेले नाही.

आठव्या दिवशी आबा हॉस्टेलच्या दारात. मेंढरांचं जंताचं औषध न्यायला शहरात आले होते. पुरुषांना आत सोडत नसत, म्हणून आम्ही बाहेरच्या पायरीवर बसलो. औषधाची बाटली त्यांनी दोन पायांच्या मध्ये धरलेली.

“ह्या येळेला तू वर्गात असती ना?” ते म्हणाले.

मी सांगून टाकलं. बेंऽऽसकट. मला वाटलं ते चिडतील, त्या पोराची खबर घ्यायला निघतील. ते बराच वेळ बाटलीचं झाकण घट्ट करत बसले. मग म्हणाले, “तुला त्या मेंढराचं पुढं काय झालं ते ठावं नाही का?”

“कोणत्या?”

“आगं, तुला दाखवलं व्हतं त्येच. कानकोंडं. त्याला मी बाहेर कसं काढलं?”

“ओढून.”

“ओढून न्हाई. कानकोंडं मेंढरू ओढलं की पाय रोवतं. मरंल पण हलणार न्हाई. त्याच्यावाल्या कळपातलं दुसरं एक आणायचं आन् त्याच्याजवळ सोडायचं. बस. आपल्यातलं कुणीतरी दिसलं की घडीभरात कान वर.”

मग त्यांनी मला त्यांची एक गोष्ट सांगितली. तरुणपणी पाचोडच्या बाजारात भर गर्दीत ते एका बोकडाला शेळी म्हणाले होते आणि तीन बाजार तिकडं फिरकले नव्हते. मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, “आता वर्गात जा. मी बी चुकलो व्हतो, तू तर चुकली बी न्हाईस.”

मी गेले. पदवी घेतली. हे आधी सांगितलं, कारण पुढं जे झालं त्यात मी ही पायरीवरची गोष्ट साफ विसरून गेले होते.

पुढं मला शेंद्र्याच्या एका कारखान्यात काम मिळालं. मराठी घेऊन पदवी केलेली पोरगी कारखान्यात काय करते, असं लोक विचारतात. मी पाट्या लिहिते. म्हणजे मशीनजवळच्या सुरक्षेच्या सूचना, कामगारांना समजतील अशा मराठीत. शिवाय एक फॉर्म माझ्याकडं आहे. अपघात होता होता वाचला, तर कामगारानं तो फॉर्म भरायचा, म्हणजे पुढचा अपघात टळतो. सगळे त्याला नियर मिस म्हणतात. पहिलं वर्षभर फॉर्म टाकायची पेटी रिकामीच. कुणी भरेना. स्वतःची चूक स्वतःच्या हातानं कोण लिहील? मग मी फॉर्मच्या वर एक ओळ टाकली : चूक सांगायला कानकोंडं वाटून घेऊ नका. साहेब म्हणाले, हा कसला शब्द? मी म्हणाले, ज्यांनी भरायचाय त्यांना कळतो.

शब्दांचं माझं वेड मात्र गेलं नाही. शहरात मी खोली घेतली ती एका निवृत्त उर्दू शिक्षिकेच्या घरात. एकदा त्यांच्याकडं पाहुणे बसलेले असताना मी नळ उघडा टाकून गेले आणि सगळं पाणी त्यांच्या बैठकीत शिरलं. मी म्हणाले, मी अगदी खजील झाले. त्या पाणी लोटता लोटता थांबल्या. “खजिल? ये तो हमारा लफ्ज है.” मग त्यांनी फरशीवरच बसून सांगितलं, शब्द मूळचा अरबी, फारसीतून इकडं आला. मी म्हणाले, आमच्याकडं इतकी वर्षं आहे, परत हवाय का? “रख लो,” त्या म्हणाल्या, “हमारे पास शर्मिंदा बहुत पडा है.”

तेव्हापासून मी हे शब्द एका वहीत लिहून ठेवते. वरमणं : यात वर्म आहे असं म्हणतात, म्हणजे नाजूक जागी लागलेलं. ओशाळणं : यात कुणाचे तरी उपकार अंगावर असल्याचा भाव आहे. खजील हा बाहेरून आला, बैठकीत बसला, चारचौघांत आब राखून असतो. पण या सगळ्यांत माणूस निदान समोर उभा असतो. कानकोंडा झालेला माणूस समोर राहतच नाही. तो कोपरा शोधतो. आणि त्यानं काही पाप केलेलं नसतं, हे विशेष. त्याला फक्त वाटत असतं, समदे आपल्यालाच बघायलेत.

हे सगळं मी वहीत शहाण्यासारखं लिहिलं होतं. आणि तरी, गेल्या वर्षी आबांच्या बाबतीत मी काय केलं ते सांगते.

आबांची आमच्या भागात एक जागा आहे. मेंढरू कुणाचं यावरून दोन माणसांत वाद लागला की लोक आबांना बोलावतात. मालकीसाठी प्रत्येक घरानं मेंढराच्या कानाला खूण केलेली असते. आमची उजव्या कानाला खालून खाच, दुसऱ्या कुणाची डाव्या कानाला. पण आबा कान पाहत नसत. त्याचा त्यांना कमीपणा वाटायचा. “कान बघून तर कुणी बी सांगंल,” ते म्हणायचे. ते तोंड पाहून सांगायचे. ही अमक्याची, हिची आई लंगडी होती, म्हणून ही तिरकी बघते. आणि ते बरोबर निघायचं. बाजारात त्यांच्यासाठी चहाच्या टपरीवर एक बाकडं राखलेलं असायचं, ते यासाठी.

गेल्या वर्षी लोकर कातरायच्या दिवसात आमची मेंढरं आणि पलीकडच्या वस्तीवरची मेंढरं एकाच दिवशी, एकाच तलावावर धुवायला नेली. तिथंच कातरणी झाली. पलीकडच्या वस्तीचे मालक आबांच्या वयाचे, दोघं लहानपणापासून एकत्र मेंढरं वळलेले. मी त्यांना मामा म्हणते. कातरलेली मेंढरं ओळखणं सोपं नसतं. लोकर गेली की सगळी सारखीच नागडी, हडकलेली. आईला कोकरू ओळखत नाही आणि कोकराला आई. कळप वेगळे करताना आबांनी नेहमीसारखे कान न पाहता हातानं एकेक ढकललं. आपलं इकडं, तुझं तिकडं. आणि मामांची एक मेंढी घेऊन घरी आले. आमची एक तिकडं राहिली.

घरी आल्यापासून आमचं एक कोकरू ओरडत होतं. आबा म्हणाले, कातरणीनंतर दोन दिवस ओरडतातच. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, “आवो, ही कोपऱ्यात कान पाडून कामून उभी हाये?”

“कुठं? चांगली तर हाये.”

आईनं वाघरीत शिरून त्या मेंढीच्या कानाला हात लावला. उजवा कान साबूत. खाच डाव्याला.

आईनं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा ती मेंढीबद्दल बोलतच नव्हती. ती सांगत होती, आबांना ती मेंढी कोपऱ्यात दिसलीच नाही. दहा हातांवर. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला असणार, हे तिला कळलं होतं. आबांनाही कळलं असणार. सहा महिने तरी ते सगळं अंदाजावर, आवाजावर चालवत होते.

आमच्याकडं रीत अशी, की चुकून आलेलं जनावर ज्याच्याकडं आलं त्यानं स्वतः नेऊन द्यायचं. कपाळाला भंडारा लावून. आणि त्या घरचं पाणी पिऊन यायचं, म्हणजे मनात काही राहत नाही. आबा गेले नाहीत. त्यांनी धाकट्या काकांना टेम्पोतून पाठवलं. काकांनी ती मेंढी दिली, आपली घेतली आणि आले. पुढच्या बाजाराला आबा म्हणाले, पाय दुखतोय. त्याच्या पुढच्या बाजाराला, बैलाला बघावं लागतंय. आमच्याकडं बैल नाही, दोन वर्षं झाली.

मी सुट्टीच्या दिवशी घरी गेले. आत शिरल्या शिरल्या सुरुवात केली. “आबा, उद्या शहरात चलायचं. डोळे दाखवायचे.”

“माझ्या डोळ्याला काय धाड भरलीय?”

“दिसत नाही तुम्हाला.”

“दिसतंय समदं.”

धाकटे काका तिथंच बसले होते, शेजारचा एक माणूस पंपाचा पाना मागायला आला होता. मी मागचापुढचा विचार केला नाही. माझं बोलणं सरळ आहे, त्याचा मला गर्व आहे, पण सरळ बोलणंसुद्धा कुठं बोलायचं ते असतं. मी दाराजवळ उभी राहून दोन बोटं वर केली. “सांगा मग, किती बोटं?”

आबांनी माझ्याकडं पाहिलं. म्हणजे मी जिथं आहे असं त्यांना वाटलं तिकडं पाहिलं. मग उठले आणि वाघरीकडं गेले. शेजारचा माणूस पाना न घेताच निघून गेला.

काका म्हणाले, “शिकलीस लई बाई तू.”

त्यानंतर पंधरा दिवस आबा माझ्याशी फोनवर बोलले नाहीत. आई फोन द्यायची, पलीकडं नुसता श्वास ऐकू यायचा, मग आईच परत. ऑपरेशन लांबवलं तर पुढं अवघड होतं, असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. पण मला खरी भीती डोळ्यांची नव्हती. ते बाकडं कायमचं सुटेल याची होती. बाजार सुटलेला म्हातारा माणूस किती भराभर खचतो ते मी आजोबांचं पाहिलं होतं.

एके दिवशी कारखान्यात एक ऑपरेटर माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. पन्नाशीचा माणूस. हातात कोरा फॉर्म. भरेना, जाईना. मी बसायला सांगितलं, तरी बोलेना. मग मला कुठून सुचलं कोण जाणे, मी त्याला सांगितलं की मागच्या महिन्यात मी एका पाटीवर उजवीकडं बाण काढायचा तो डावीकडं काढला होता आणि दोन दिवस सगळे चुकीच्या दारानं बाहेर जात होते. तो हसला. “ती पाटी तुमची व्हय?” आणि खुर्ची ओढून बसला, सगळं सांगितलं, फॉर्म भरला.

तो गेल्यावर फॉर्म पेटीत टाकताना आबांचा आवाज ऐकू आला. ओढून न्हाई. त्याच्यावाल्या कळपातलं दुसरं एक आणायचं. हॉस्टेलची पायरी, औषधाची बाटली, सगळं आठवलं. परक्या माणसाला मी ते दिलं होतं आणि ज्यानं मला शिकवलं त्याच्यापुढं दोन बोटं नाचवली होती.

पुढच्या सुट्टीला मी आधी घरी गेले नाही. थेट मामांच्या वस्तीवर गेले.

मामा लिंबाखाली दोरी वळत बसले होते. मला पाहून म्हणाले, “काय गं, बापानं पाठवलं का?”

“नाही, माझी मी आले.”

“त्यो कसा ईल. त्यो तिकडं मला हसत बसला असंल.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “तुम्हाला? कामून?”

“कामून काय. मपल्या वाघरीत दोन दिवस त्याची मेंढी उभी व्हती आन् मला पत्ता न्हाई. तुझा काका टेम्पो घेऊन आला तवा कळलं. बाजारात समदे इचारतेल, पाव्हणं, दुसऱ्याची मेंढी पचवत व्हता का. मी तर तवापासनं पाचोडला गेलोच न्हाई.”

“आबाही गेले नाहीत.”

त्यांचा हात थांबला. “खोटं.”

“आईची शपथ. आधी पाय दुखत होता, मग बैल आजारी होता.”

“तुमच्याकडं बैल कुठं हाये?”

“तेच ना.”

मामा हसू लागले. दोरी सुटून पीळ मोकळे झाले. मी म्हणाले, “मामा, आमच्या घरी चला.”

ते लगेच ताठ झाले. “मी कशाला? त्यानं यावं. जनावर ज्यानं नेलं त्यानं यायचं, रीत हाये.”

“मग आमचं जनावर कुणी नेलं होतं?”

“आँ?”

“त्यांनी तुमची नेली, तुम्ही त्यांची ठेवली. त्यांनी काकाला पाठवलं, तुम्ही कुणालाच नाही. रीत दोघांनी मोडलीय. पण तुम्ही थोडी जास्त.”

त्यांनी दोरी बाजूला टाकली. मग घरात तोंड करून मामींना म्हणाले, “आवो, टोपी द्या. आन् भंडाऱ्याची डबी. वकीलीण आलीय.”

आम्ही पोचलो तेव्हा आबा वाघरीच्या खुंट्या ठोकत होते. चाचपून खुंटी धरायची, मग ठोकायची. पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली. मामा थांबले नाहीत. थेट वाघरीत शिरले, एकेका मेंढीच्या उजव्या कानाला हात लावत गेले आणि एक धरून आणली. ती तीच होती की नाही मला माहीत नाही. तिच्या कपाळाला भंडारा लावला.

“ही तुझी,” ते म्हणाले. “दोन दिस मपल्याकडं व्हती. मला कळली न्हाई. पाणी दे प्यायला.”

आबांच्या हातातली हातोडी खाली आली. मला वाटलं उठून जातात की काय. मग म्हणाले, “तुला बी कळली न्हाई?”

“न्हाई ना.”

“तुझं तर ऑपरेशन झालंय. मागल्या साली.”

हे मलाही माहीत नव्हतं. मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “एकाच डोळ्याचं झालंय. डाव्या. तुझी मेंढी उजव्या अंगाला उभी व्हती.”

आबा हसले. किती दिवसांनी. खांदे हलवत, आवाज न करता, त्यांची हसायची तीच पद्धत. आई तांब्या घेऊन बाहेर आली होती, ती दारातच थांबली.

“मग डाव्यानं दिसतंय का चांगलं?” आबांनी विचारलं.

“दिसतंय म्हंजी? बायको किती म्हातारी झाली ते दिसलं. तेवढं एक वाईट.”

“लई दुखतं का?”

“दुखत न्हाई. डोळ्यावर पट्टी बांधतेत आन् नर्सबाई वरडते, हात लावू नका बाबा, हात लावू नका. तेवढंच.”

आबा थोडा वेळ खुंटीवर हात फिरवत राहिले. मी तोंड घट्ट मिटून उभी होते. बोटं तर पाठीमागंच बांधून ठेवली होती.

“दवाखान्यात जेवण देतेत का?” ते म्हणाले.

“देतेत. पण भाकर नसती. चपाती.”

“चपाती चालंल एखाद दिस,” आबा म्हणाले. मग माझ्याकडं, म्हणजे खरंच माझ्याकडं, कारण मी आता जवळ होते, पाहून म्हणाले, “तुला सुट्टी मिळती का बाई, का पाट्या लिव्हायच्यात?”

सुट्टी मिळाली. सरकारी दवाखान्यात आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डाव्याला डॉक्टर म्हणाले, काही महिन्यांनी. पट्टी काढली तेव्हा आबांनी पहिल्यांदा काय पाहिलं असेल, तर समोरच्या भिंतीवरची पाटी. शांतता राखा. त्यांना अक्षरओळख जेमतेम आहे. बोट लावून वाचली आणि म्हणाले, “ही तूच लिव्हली का?” मी नाही म्हणाले. “तुझी बरी असती,” म्हणाले.

मला त्यांची माफी मागायची होती, त्या दोन बोटांची. रिक्षात बसल्यावर सुरुवात केली तर त्यांनी हात वर करून थांबवलं आणि दोन बोटं माझ्या तोंडापुढं धरली. “किती?” मी म्हणाले, दोन. “दिसतंय तुला,” म्हणाले. झालं.

परवा मी पाचोडच्या बाजारात त्यांच्याबरोबर गेले होते. टपरीवरचं बाकडं होतं तिथंच होतं. त्यावर आबा आणि मामा शेजारी शेजारी. अकराच्या सुमाराला दोघं जण एक मेंढी ओढत आले. हा म्हणे माझी, तो म्हणे माझी. पूर्वी आबा नुसतं तोंड पाहून बोलले असते. या वेळी त्यांनी खाली वाकून आधी दोन्ही कान चाचपले. खाच होती, पण जुनी, फाटून गेलेली, कुणाची ते कळेना. मग तोंड पाहिलं. बराच वेळ.

माणसं थांबली होती. मला तो वर्ग आठवला. ती शांतता मला ओळखीची होती.

“मला एकट्याला सांगता येत न्हाई,” आबा म्हणाले. अगदी साध्या आवाजात.

कुणी हसलं नाही. आबांनी मामांच्या मांडीवर थाप मारली. “ऊठ. हिकडून मी बघतो, तिकडून तू बघ. मपला उजवा, तुझा डावा. दोघं मिळून एक माणूस व्हतो.”

मामा टोपी सरळ करत उठले. मेंढी दोघांच्या मध्ये उभी होती. तिचे कान अजून पडलेलेच होते. आबांनी तिची हनुवटी वर केली आणि वाद घालणाऱ्या दोघांना म्हणाले, “तुमच्या दोघांच्या कळपातलं एकेक मेंढरू आणा आन् हिच्याजवळ सोडा. कुणाकडं बघून ही कान वर करती, ते बघू.”